अ, ब आणि मिटवाबाई

शिक्षकांच्या खोलीत सगळे त्यांना मिटवाबाई म्हणत, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. वाईट वाटायचं सोडून त्यांना त्याचा जरा अभिमानच होता. कुठे भांडण दिसलं की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळत. बादलीवरून शिपाईमामांची आणि झाडणाऱ्या मावशींची जुंपली की बाई मध्ये. बसची खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून दोन अनोळखी माणसं तणतणू लागली की बाई मध्ये. 'मिटवा बरं आता, मिटवा,' असं म्हणत त्या दोघांचं ऐकून घेत, दोघांनाही थोडं थोडं चुकीचं ठरवत आणि निकाल देऊन मोकळ्या होत. पुष्कळदा ती दोन माणसं एकमेकांवरचा राग विसरून बाईंवर रागावत. पण मूळ भांडण मिटायचं, हे खरं.

ही खोड लहानपणची. भावंडांत त्या सगळ्यांत थोरल्या. घरात पंखा एकच, आणि तो मान वळवून वळवून सगळ्यांना वारा देणारा. कुणाच्या वाट्याला किती वारा यायचा हे ठरवायचं काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं, आणि मग ते कधी खाली ठेवलंच नाही. नवरासुद्धा त्यांना भांडणातच मिळाला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. चष्म्याची काडी वाकडी कुणी केली, दुकानदाराने की गिऱ्हाइकाने, यावर दुकानात वाद पेटला होता. बाई रस्त्याने चालल्या होत्या, त्या आत शिरल्या. वाद मिटला, गिऱ्हाईक गेलं, बाई मात्र राहिल्या. 'त्या दिवसापासून माझ्या दुकानात गिऱ्हाइकाचंच बरोबर असतं,' असं नवरा अजून सांगतो. 'मध्ये पडायला पुन्हा कुणी आत येऊ नये म्हणून.'

तर अशा या बाईंना यंदाच्या वर्षी मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून घेतलं.

"मुलं कमी झालीत," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "पहिलीच्या अ आणि ब अशा दोन तुकड्या होत्या. आता दुसरीला एकच वर्ग. पण मुलांचं काही जमत नाही हो. गेल्या वर्षी खेळाच्या दिवशी दोरीवरून एवढी भांडली की दोरीच कापावी लागली."

"दोरी कापली?"

"अर्धी अर्धी दिली. म्हणून म्हणते, हा वर्ग तुम्हीच घ्या. तुमच्याशिवाय कोण मिटवणार?"

मिटवाबाईंना गूळ लावायची गरज नव्हती, तरी तो लावला गेला. त्या फुलल्या. घरी येऊन दाराशी चपला काढता काढताच त्यांनी नवऱ्याला बातमी दिली. "अहो, यंदा मला दुसरी दिलीय!"

नवरा मान वर न करता म्हणाला, "नशीबवान आहेस. मला कुणी देत नाही."

स्वयंपाकघरातून सासूबाईंचं हसणं ऐकू आलं, आणि मुलाच्या खोलीतून बाईंच्या आईचं खोकणं. खोकणं म्हणजे हसू दाबणं, हे बाईंना लेक म्हणून माहीत होतं. आईच्या घराचं छत दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून आई काही महिन्यांसाठी इकडे राहायला आली होती. नातू शिकायला परगावी होता, त्याची खोली रिकामीच होती. सगळं सोयीचं होतं. अडचण एकच, की एका म्यानात दोन तलवारी झाल्या होत्या. त्याही मखमलीत गुंडाळलेल्या.

दोघी भांडल्या असत्या तर बाईंनी चुटकीसरशी मिटवलं असतं. पण दोघी भांडतच नव्हत्या. "विहीणबाई, तुम्ही बसा ना खिडकीपाशी." "छे छे, तुमची रोजची जागा ती, मी कशी बसू?" "अहो, पाहुण्या तुम्ही." "पाहुणीने पाहुणीसारखं राहावं हो." असं करत करत खिडकीतली खुर्ची दिवसभर रिकामी, आणि दोघी दोन कोपऱ्यांत अवघडून बसलेल्या. चहा कुणी करायचा यावर एवढा आग्रह चाले, की शेवटी नवराच उठून करायचा आणि तो कुणालाच आवडायचा नाही.

घरोघरी हे असंच, असं म्हणून बाईंनी तिकडे जरा काणाडोळा केला. आधी शाळा.

पहिल्या दिवशी त्या वर्गात शिरल्या आणि दारातच थांबल्या. खिडक्यांच्या बाजूला अ बसला होता, भिंतीच्या बाजूला ब. मधली वाट चांगली रुंद होती, पण ती मुलांनी बाकं सरकवून आणखी रुंद केली होती. दोन्हीकडची सीमेवरची मुलं अंग चोरून बसली होती.

बाई दिसताच अ ताडकन उभा राहिला. ब जागेवर बसूनच एका सुरात "या बाई, बसा!" म्हणाला. अ ने ब कडे पाहिलं ते, घरात चिखलाचे पाय घेऊन आलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

"आमच्या बाई म्हणायच्या, मोठं माणूस आलं की उभं राहायचं," अ मधून एक मुलगी बोलली. घट्ट वेण्या, कडक इस्त्री आणि आवाजात एखाद्या आत्याबाईंचा ठसका. वर्गात तिला ताईसाहेब म्हणत. तिच्या मागच्या बाकावरची मुलं तिने मान हलवली की मान हलवायची.

"आणि आमच्या बाई म्हणायच्या, नुसतं उभं राहून काय उपयोग, तोंडाने बोलवा," ब मधून उत्तर आलं. हा शिट्टी. पुढचे दोन दात पडल्यापासून त्या फटीतून त्याला अशी काही शिट्टी वाजवता यायची, की पटांगणात कुत्री वळून बघत.

त्या दिवशी बाईंना कळलं, की एका छपराखाली ही दोन वेगळी घराणी वाढली होती. अ मध्ये उत्तर द्यायला बोट वर करत. ब मध्ये उत्तर बरोबर आलं की सगळे बाकावर एक थाप देत, आणि अ ला तो निव्वळ रानटीपणा वाटे. अ रांग लावायचा उंचीप्रमाणे. ब चा नियम होता, जो आधी पोचेल तो पुढे. त्यामुळे पटांगणात जायची वेळ झाली तेव्हा दारात दोन रांगा आल्या आणि बाटलीच्या तोंडात बूच अडकावं तशा अडकल्या. मावशी झाडू घेऊन उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "बाई, हे मिटवाच."

बाई गालातल्या गालात हसल्या. असली भांडणं त्या न्याहारीला खात.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाकांची नवी मांडणी केली. एक अ, एक ब, एक अ, एक ब. मुलं निमूटपणे बसली. बाईंना वाटलं, झालं. पण मुलं आता शेजाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडच्या आपल्या माणसाशी बोलू लागली, आणि वर्गात बोलाचालीचं एक जाळंच विणलं गेलं. डबा खायची सुट्टी झाली, आणि पाणी उतारावर धावतं तशी सगळी आपापल्या बाजूला जाऊन पोचली.

मग बाईंनी दुसरी युक्ती काढली. "आपण सगळे मिळून वर्गाचे नियम करू," त्या म्हणाल्या. "माझे नियम नाहीत हं, तुमचे. सांगा, मी फळ्यावर लिहिते."

बोटं भराभर वर आली. बाकावर थापाही पडल्या. बाई लिहीत गेल्या, आणि फळा भरल्यावर मागे सरकून त्यांनी वाचलं. 'ब ने पेन्सिल चावू नये.' 'अ ने नाक उडवू नये.' 'ब ने रांगेत घुसू नये.' 'अ ने सारखं सारखं बाईंना सांगायला जाऊ नये.' सगळा फळा असाच. स्वतःसाठी नियम एकानेही मागितला नव्हता.

"हे नियम नाहीत," बाई म्हणाल्या. "या तक्रारी आहेत."

"मग नियम आणि तक्रार यात काय फरक असतो?" ताईसाहेबांनी विचारलं. प्रश्न खोडसाळ नव्हता. खरोखरची शंका होती. बाईंनी डस्टर उचलला आणि फळा पुसायला घेतला.

त्या संध्याकाळी, शाळेत बसत नव्हतं ते निदान घरात तरी बसवावं म्हणून, त्यांनी रंगीत कागदावर एक तक्ता केला आणि फ्रिजवर लावला. सोमवारी चहा सासूबाई, मंगळवारी आई. खिडकीतली खुर्ची सकाळी आई, दुपारनंतर सासूबाई. खाली एक हसरं तोंडही काढलं, दुसरीत काढतात तसं.

सासूबाईंनी चष्मा लावून तक्ता वाचला. आईने चष्मा लावून तक्ता वाचला. दोघींनी आज पहिल्यांदाच एकमेकींकडे सरळ पाहिलं.

"विहीणबाई," सासूबाई म्हणाल्या, "आपल्याला शाळेत घातलं वाटतं."

"तरी बरं," आई म्हणाली, "गणवेश शिवायला नाही टाकला."

नवरा फ्रिज उघडून बराच वेळ आत बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते.

शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा ती नवी आली. तिचे वडील क्रेन चालवायचे. जिथे उंच इमारत तिथे वडील, आणि वडील तिथे ही. त्यामुळे एवढ्याशा वयात तिने कितीतरी शाळांची पायरी चढली होती. पायात दोन नंबरांनी मोठे बूट होते आणि त्यांच्या लेस दोन्ही बाजूंना लोंबत होत्या. तिचं नाव बाईंनी सगळ्यांना सांगितलं, पण वर्गाने ते त्याच क्षणी बाजूला ठेवलं. ती झाली नवी.

पहिला प्रश्न ताईसाहेबांचा. "तू अ ची का ब ची?"

"काय?"

"पहिलीत कुठे होतीस? अ मध्ये का ब मध्ये?"

"मी इथे नव्हतेच."

"हो, पण कुठली तरी असशीलच ना?"

नवीने क्षणभर विचार केला. "मी क ची."

"आपल्या शाळेत क नाहीच!" शिट्टी ओरडला. तो आणि ताईसाहेब यांचं एकमत व्हायची ही पहिलीच वेळ. दोघांनी निकालासाठी बाईंकडे पाहिलं. बाईंनी तोंड उघडलंच होतं, इतक्यात शिपाईमामा सूचना घेऊन दारात आले. बाई सही करायला वळल्या, तेवढ्यात इकडे गाडी पुढे निघून गेली होती.

"क मध्ये कोण कोण आहे?"

"मीच."

"मॉनिटर कोण?"

"मीच."

"आणि बाई?"

"त्यापण मीच."

"मग तू खेळतेस कुणाशी?"

यावर नवी जरा अडखळली. बुटाच्या लोंबत्या लेसकडे बघत म्हणाली, "म्हणूनच तर प्रवेश चालू आहेत."

हसू दाबायला बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पोरीच्या बोलण्यात खोड होती, पण त्या अडखळण्यात जे होतं ते त्यांच्या कानांतून सुटलं नाही. प्रत्येक शाळेत हिला हाच प्रश्न विचारला गेला असणार, तू कुणाची? आणि प्रत्येक वेळी उत्तर हिलाच बनवावं लागलं असणार.

सुट्टीत नवीने जाहीर विचारलं, "लेस कुणाला बांधता येते? मला येत नाही." कुठला आडपडदा नाही, काही नाही. अ मधली एक मुलगी पुढे आली. ती इतकी गप्प असायची, की बाईंनी तिचा आवाज हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. खाली बसून तिने दोन्ही लेस अशा बांधल्या, की कानांसारखे सारखे फासे.

"तू आलीस क मध्ये," नवी म्हणाली. "आता सांग, तुला काय येत नाही?"

गप्प मुलीने बरंच इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मला बाटलीचं झाकण उघडता येत नाही. घरून घट्ट लावतात."

"मग दिवसभर पाणी?"

"घरी जाऊन पिते."

बाईंच्या हातातला खडू तिथेच थांबला. इतके दिवस ही पोर त्यांच्या डोळ्यांसमोर कोरड्या घशाने बसत होती, आणि त्या मात्र एक अ, एक ब बसवण्यात गुंग होत्या.

झाकण उघडणारा ब मध्ये सापडला. गोल गरगरीत, मनगटाचा दणकट. त्याला हातच्याची वजाबाकी येत नव्हती. वजाबाकीवाला अ मध्ये होता, पण त्याला झाडाच्या खालच्या फांदीवरसुद्धा चढता येत नव्हतं. अशी माळ वाढत चालली. एखाद्या दुकानाने फुकट काही वाटावं तशी मुलं नवीच्या बाकाभोवती गोळा होऊ लागली. 'मला काय येत नाही माहितीये?' असं छाती पुढे काढून सांगणारी मुलं बाईंनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

खरं सांगायचं तर बाईंना थोडं झोंबलंही. कानामागून आली आणि तिखट झाली. संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझ्या वर्गात एका मुलीने चक्क तिसरा पक्ष काढलाय."

"आणि तुझा पक्ष कुठला?"

"माझा कसला पक्ष? मी बाई आहे."

"म्हणजे तुला प्रवेश मिळाला नाही," नवरा म्हणाला आणि चष्म्याची काच पुसू लागला.

बाई रागावल्या, पण झोप येईपर्यंत तेच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. सकाळी उठल्या त्या ठरवूनच. पहिल्या तासाआधी त्यांनी बाकं भिंतींना लावून घेतली आणि सगळ्यांना जमिनीवर गोल करून बसवलं. स्वतःही बसल्या. गुडघा कटकन वाजला, तो आख्ख्या वर्गाने ऐकला. "रोज सकाळी थोडा वेळ आपण असं बसायचं," त्या म्हणाल्या. "ज्याला काही येत नसेल त्याने सांगायचं. ज्याला ते येत असेल त्याने हात वर करायचा. बोट, हात, थाप, काय हवं ते." ब ने जमिनीवर थाप दिली. अ च्या दोघातिघांनीही, देऊन तर बघू म्हणून, दिली.

मग काही दिवसांत बहुतेक सगळी क ची झाली. उरले दोघे, ताईसाहेब आणि शिट्टी. ताईसाहेबांची अडचण अशी, की आपल्याला काही येत नाही हे त्यांना मान्यच नव्हतं. गोलात त्या पाठ ताठ करून बसत आणि पाळी आली की "मला सगळं येतं" म्हणून पुढच्याकडे बघत. बाईंना त्यांच्याकडे पाहताना आरशात पाहिल्यासारखं होई, आणि आरसा काही खोटं बोलत नव्हता. शिट्टीचं उलटं. त्याला न येणाऱ्या गोष्टी ढीगभर होत्या, पण जी एक येत होती ती कुणाला नको होती. शिट्टी वाजवली म्हणून तो गेल्या वर्षी दाराबाहेर जितका उभा राहिला होता, तितका आत बसला नव्हता. 'मला कोण विचारणार,' अशा तोऱ्यात तो गोलाबाहेर टेकून बसायचा.

एका सकाळी नवीने गोलात विचारलं, "बाई, तुम्हाला काय येत नाही? तुम्ही कधीच सांगत नाही."

बाईंनी मनातल्या मनात स्वतःला चाचपून पाहिलं. कठीणच होतं. शेवटी त्यांची नजर शिट्टीवर गेली.

"मला शिट्टी वाजवता येत नाही," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून. माझ्या सगळ्या भावंडांना येते."

शिट्टीने टेकलेली पाठ उचलली. "खरंच येत नाही?"

"खरंच."

"दात असले तरी येते," तो गोलात सरकत म्हणाला. "ओठ असे करायचे. असे नाही बाई, तुम्ही तर रुसल्यासारखे करताय. गोल. आता जीभ खाली. फुंका!"

बाईंनी फुंकलं. चहा निववताना येतो तसा आवाज आला.

मुलं हसून हसून एकमेकांवर पडली. मग सगळ्यांनाच शिकायचं होतं. शिट्टी मधोमध उभा राहून एकेकाच्या ओठांना आकार देऊ लागला. इतका गंभीर, की जणू एखादा मोठा वैद्य रोगी तपासतोय. कुणाची निघाली, कुणाची चिरकली, कुणाची नुसती थुंकीच उडाली, आणि त्या सगळ्या कल्लोळात दार उघडून मुख्याध्यापिकाबाई उभ्या राहिल्या.

"हा वर्ग आहे की रेल्वेचा फलाट?"

बाई गडबडीने उठायला गेल्या, पण गुडघ्याने साथ दिली नाही, म्हणून ओठांचा चंबू तसाच ठेवून त्या खाली बसलेल्याच राहिल्या. तेव्हा ताईसाहेब उभ्या राहिल्या, मोठं माणूस आलं की राहायचं तशा.

"बाईंना शिट्टी येत नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही शिकवतोय."

मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांवरून एक नजर फिरवली. खिडकीची बाजू कुठली नि भिंतीची कुठली, ते त्यांना ओळखता येईना. "निदान दार तरी लावून घ्या," त्या म्हणाल्या आणि गेल्या. दुपारी जिन्यात गाठ पडली तेव्हा इकडेतिकडे पाहून त्यांनी हळूच विचारलं, "आली का?"

"नाही अजून."

"ओठ ओले करावे लागतात आधी," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या आणि भराभर जिना उतरून गेल्या.

त्या दिवशी शाळा सुटताना ताईसाहेब टेबलाशी रेंगाळल्या. दप्तराचा पट्टा पुन्हा पुन्हा नीट करत होत्या.

"बाई, मलाही शिट्टी आली नाही."

"हो, पाहिलं मी. आपण दोघी सारख्याच."

"आणि अजून एक येत नाही." आवाजातली आत्याबाई कुठल्या कुठे गेली होती. "मला बाथरूमला एकटीला जाता येत नाही. त्या बाजूचा दिवा बंद असतो. मी जातच नाही."

बाईंच्या जिभेवर आलं होतं, 'अगं मग आधी का नाही सांगितलंस?' ते त्यांनी गिळलं, आणि हे गिळणं त्यांना शिट्टीपेक्षा अवघड गेलं. "उद्या गोलात सांगशील?" एवढंच त्यांनी विचारलं.

ताईसाहेबांनी सांगितलं. हसेल तर कोण हसेल ते बघायला बाई टपूनच बसल्या होत्या, पण कुणी हसलं नाही. नवी म्हणाली, "मलापण तिथे भीती वाटते, मी पळत जाते." शिट्टी म्हणाला, "मी बाहेर उभा राहून शिट्टी वाजवत राहीन. म्हणजे मी आहे हे कळेल." ताईसाहेबांनी थोडा विचार केला आणि मान्य केलं, पण 'हळू वाजवायची' या अटीवर. शिपाईमामांना सांगून बाईंनी त्याच दिवशी दिवा बदलून घेतला. तरी पुढे कितीतरी दिवस त्या बाजूने शिट्टी ऐकू यायची.

घरी मात्र बाईंची पंचाईत झाली. एके दिवशी त्या लवकर परतल्या, तर दोन्ही आया गॅलरीत एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या. बाईंना भरून आलं. तक्ता फळला! त्या पडद्याआड थांबल्या.

"लहानपणापासून अशीच हो ती," आई सांगत होती. "पंख्याचा वारासुद्धा वाटून द्यायची. आणि स्वतः बसायची बरोब्बर पंख्यासमोर."

"इथे तरी काय वेगळं, विहीणबाई? माझे चमचे कुठल्या खणात राहतील तेही हीच ठरवते. मी आपली गप्प. म्हटलं, कशाला दुखवायचं."

"मीपण गप्पच असते. चांगलं आहे हो पोरीचं मन, पण जरा श्वास घेऊ द्यावा की माणसाला!"

आणि दोघी अशा हसल्या, की गॅलरीतल्या कबुतरांनी जागा बदलली.

बाईंना आधी राग आला, मग रडू आलं, आणि मग, का कोण जाणे, हसू. त्या पडदा सारून बाहेर आल्या. दोघी एकदम कबुतरं बघू लागल्या.

"चालू द्या," बाई म्हणाल्या आणि समोर जमिनीवर बसल्या. गुडघा वाजला. "मला एक सांगा, मला अजून काय काय येत नाही?"

विचारायला नको होतं. दिवे लागेपर्यंत दोघींचं संपलं नाही. एकीला आठवेना तर दुसरी सुचवायची. नवरा दुकानातून आला, त्याने दारातूनच अंदाज घेतला आणि कुणी न सांगता चहाचं आधण ठेवलं. त्या दिवशी तो चहा सगळ्यांना आवडला. निदान तसं सगळ्या म्हणाल्या.

फ्रिजवरचा तक्ता बाईंनी स्वतःच्या हाताने काढला. खुर्चीत कोण बसतं, चहा कोण करतं, हे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. पाहण्याचा मोह झाला, की त्या दुसऱ्या खोलीत जाऊन शिट्टीचा सराव करत.

वर्ग काही देवळासारखा शांत झाला, असं नाही. गोफणीतून दगड सुटावेत तशी भांडणं सुटायचीच. खोडरबर गेला, धक्का लागला, माझ्या जागेवर बसला. पण आता भांडायला अ आणि ब लागत नसे. कुणीही कुणाशीही भांडे, आणि पाण्याच्या सुट्टीत त्याच्याच हातून झाकण उघडून घेई. बाई टेबलाशी बसून डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत राहायच्या, आणि पाय तिकडे वळू लागले की टेबलाखाली पायावर पाय ठेवायच्या. दहांतल्या चार वेळा तरी त्यांना ते जमायचं.

शाळेची रंगरंगोटी वर्षभर रेंगाळत चालली होती. एका दुपारी रंगारी शिडी घेऊन दुसरीच्या दाराशी आला. चौकटीवरची जुनी पाटी त्याने पुसून काढली होती, आता नवी अक्षरं काढायची होती. मुलं दाराशी गोळा झाली. त्याने 'दुसरी' असा ठसठशीत शब्द काढला आणि ब्रश डब्यात बुडवून खाली वाकून विचारलं, "पुढे काय? अ का ब?"

"अ!" काही जण सवयीने म्हणाले.

"ब!" काही जण म्हणाले, तेही सवयीनेच.

"क," नवी म्हणाली.

"पण क मध्ये तर आता सगळेच आहेत," वजाबाकीवाला म्हणाला. "मग कशातून वेगळं करायला क लिहायचं?"

"लिहिलं तर छान दिसेल ना," ताईसाहेब म्हणाल्या.

"पण मग पुढच्या वर्षी कुणी नवं आलं तर ते काय ड?" शिट्टीने विचारलं.

ब्रशातून एक थेंब शिडीच्या पायरीवर पडला. रंगाऱ्याने बाईंकडे पाहिलं. "बाई, तुम्ही सांगा काय ते. मला पलीकडचा वर्गही करायचाय."

बाईंना काय सांगायचं ते अगदी व्यवस्थित ठाऊक होतं. वाक्य जिभेच्या टोकावर तयार होतं. पण त्यांनी ओठ ओले केले, त्यांचा गोल चंबू केला आणि तसंच उभं राहून मुलांचं ऐकत राहिल्या. वाद वाढतच गेला. नवीला कुणीतरी उचलून धरलं, कारण तिला पाटी नीट दिसत नव्हती. गोल गरगरीत मुलगा म्हणाला, की एक चित्रच काढा. कशाचं, यावर नवे चार पक्ष झाले.

शेवटी रंगारी शिडीवरून उतरला. "तुमचं ठरलं की हाक मारा," असं म्हणून त्याने डबा उचलला आणि पलीकडच्या वर्गाकडे निघून गेला.

मुलं अजून भांडतच होती. चौकटीवर ओला 'दुसरी' चमकत होता, आणि त्याच्यापुढे भरपूर जागा मोकळी होती.